इंची पाना की एमएम पाना: फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर यातली एक निवडायची कशी

जुनी गाडी घ्यायचीय, पैसे एकाच गाडीपुरते आहेत आणि मन मात्र फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर दोन्हीत अडकलंय, असं म्हणणारं कुणी ना कुणी मला सारखं भेटतं. माझ्याकडं गेली बरीच वर्षं फियाट आहे, म्हणजे कागदावर प्रीमिअर पद्मिनी, पण आपल्याकडं पद्मिनी कोण म्हणतं, सगळ्यांच्या तोंडी फियाटच. आणि माझ्या सख्ख्या मित्राकडं मार्क ३ मॉडेलची अ‍ॅम्बी आहे, त्यामुळं दोन्ही गाड्यांखाली मी भरपूर झोपलोय. तेव्हा जे शिकलो ते क्रमानं सांगतो. लेख मोठा आहे पण गाडी बघायला जायच्या आधी एकदा सगळा वाचा, कारण पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या दोन्ही गाड्या आपल्या रस्त्यांवर इतकी वर्षं शेजारी शेजारी धावल्या की आपल्याला त्या सख्ख्या बहिणी वाटतात, पण एक इटालियन घरातली आणि एक इंग्रज घरातली, आणि हा फरक नुसता इतिहासातला नाही, तो नटबोल्टात आहे. फियाटला एमएमचे पाने लागतात आणि जुन्या अ‍ॅम्बीला इंची. हे एवढं समजलं की बाकीची तुलना सोपी होते.

आधी दोघींची घराणी समजून घ्या

फियाट ११०० इटलीत १९५३ साली आली, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली झालेली गाडी. युद्धानंतरची इटली, लोकांच्या हातात पैसा कमी, पेट्रोल महाग, म्हणून इंजिन लहान, बॉडी हलकी आणि फिरायला चपळ. आपल्याकडं ती आणली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी ती गोल पाठीची, जिला मुंबईत डुक्कर फियाट म्हणायचे, मग १९६४ पासून ११०० डी म्हणजे डिलाइट, मग थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत ११०० चा शेवटचा अवतार १९६९ ला संपला आणि आपल्याकडं तीच गाडी पुढं तीस वर्षं निघत राहिली.

अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. हिंदुस्तान मोटर्सनं तिचं सगळं बंगालमध्ये उत्तरपाऱ्याला नेलं, १९५७-५८ च्या सुमाराला ती अ‍ॅम्बॅसिडर म्हणून बाहेर पडायला लागली आणि थेट मे २०१४ पर्यंत निघत होती. सुरुवातीला साइड व्हॉल्व्ह इंजिन, आणि १९५९ पासून १४८९ सीसीचं बी सिरीज नावाचं इंग्रज इंजिन. हेच इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होतं, फक्त तिथं ट्यूनिंग वेगळं.

आता आकडे बघा, कारण या आकड्यांतच दोन देश दिसतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास. फियाटचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, मिळून १०८९ सीसी. अ‍ॅम्बीचा बोअर ७३ आणि स्ट्रोक जवळजवळ ८९. म्हणजे अ‍ॅम्बीचा पिस्टन बोअरच्या मानानं जास्त लांब प्रवास करतो. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकापर्यंत गाडीवरचा टॅक्स सिलिंडरच्या बोअरवरून ठरायचा, स्ट्रोक कितीही असो, म्हणून तिथल्या इंजिनिअरांना बारीक बोअर आणि लांब स्ट्रोकची सवयच लागली, टॅक्स गेला तरी हात तसाच वळत राहिला. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी आरपीएमला दमानं ओढतं पण पिळलेलं त्याला आवडत नाही. फियाटचं उलटं, तिला जरा आरपीएम द्या मग बघा. ताकद बघायला गेलात तर फियाट चाळीस हॉर्सपॉवरच्या घरात आणि वजन नऊशे किलोच्या आसपास, अ‍ॅम्बी पन्नासच्या घरात आणि वजन अकराशेच्या वर, म्हणजे किलोमागं हिशोब केला तर दोघी सारख्याच निघतात! पण चालवताना जमीन अस्मानाचा फरक लागतो आणि म्हणूनच नुसते आकडे शेजारी लिहून गाडी निवडता येत नाही.

पायरी १: गाडी कशासाठी हवी ते प्रामाणिकपणे लिहून काढा

मोबाइलवर नको, कागदावर लिहा. रविवारी सकाळी गावातून चक्कर मारायची, की आईवडिलांना घेऊन वर्षातून दोनदा देवाला जायचं, की रॅलीत उभी करायची? पार्किंग किती रुंद आहे? घरात कोण कोण बसणार? फियाटची लांबी ३.९३ मीटर आहे आणि रुंदी १.४६, अ‍ॅम्बी ४.३ मीटर आणि रुंदीला जवळपास वीस सेंटीमीटर जास्त. वीस सेंटीमीटर ऐकायला काही वाटत नाही पण पेठेतल्या वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या दोन खांबांमध्ये ते वीस सेंटीमीटरच सगळं ठरवतात. माझ्या मित्राच्या वडिलांचे गुडघे गेलेत, ते कुठल्याही नव्या गाडीत बसताना कण्हतात, पण अ‍ॅम्बीच्या मागच्या सीटवर आधी टेकतात, मग सावकाश पाय आत घेतात आणि आरामात बसतात, कारण सीट उंच आहे आणि आत जागा प्रशस्त. त्या घरात फियाट आली असती तर काका घरीच राहिले असते. उलट माझ्या बोळात अ‍ॅम्बी वळलीच नसती.

पायरी २: गाडी शोधायच्या आधी मेकॅनिक शोधा

हे लोक उलटं करतात आणि मग रडतात. तुमच्या गावात, फार तर तालुक्यात, यातली कुठली गाडी हातानं उघडलेला माणूस आहे ते आधी बघा. साठीच्या पुढचा कुणीतरी असतोच, गॅरेज बंद करून बसलेला असला तरी जुनी गाडी म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. त्याला सरळ विचारा, काका तुमच्याकडं इंची पाने आहेत का. आहेत म्हणाला तर अ‍ॅम्बी त्याच्या हातात सुरक्षित. नाही म्हणाला तर तुम्ही स्वतः इंची सेट घ्यायचा, सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश हे तर लागतातच.

का एवढं पान्यांचं? अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटवर १३ चा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो, तीन दशांश मिलिमीटरचाच फरक, पण जोर लावला की पाना सरकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. असं चारपाच जणांनी केलं की तो नट पुढं छिन्नीनंच निघतो. म्हणून अ‍ॅम्बी बघायला गेलात की बोनेट उघडून टॅपेट कव्हर, वॉटर पंप, मॅनिफोल्ड इथले नट बोटानं चाचपून बघा. कोपरे धारदार असतील तर गाडी जाणत्याच्या हातात होती. गोल झाले असतील तर मालक कितीही म्हणाला की कंपनी मेन्टेन आहे, तुम्ही समजून जा. फियाटला हा त्रास कमी, कारण १०, १३, १७ एमएमचे पाने सगळ्यांकडं असतात. जपानी इसुझू इंजिनच्या अ‍ॅम्बीत, म्हणजे १९९२-९३ नंतरच्या १८०० मध्ये, इंजिनला एमएम पानेच लागतात.

स्पेअरचंही आत्ताच विचारून ठेवा. फियाटचं सामान मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात आणि पुण्यात नाना पेठेत फिरलं तर बरंच मिळतं, अ‍ॅम्बीचं खरं आगर कोलकात्याचं मल्लिक बाजार. यांत्रिक सामान दोन्हीचं मिळतं, मिळत नाही ते क्रोमचं, काचेचं आणि रबराचं. बंपर, ग्रिल, टेललाइटच्या काचा, दरवाज्याचे हँडल ज्या गाडीला पूर्ण आहेत ती गाडी थोडी महाग पडली तरी घ्या.

पायरी ३: कुठलं मॉडेल ते ठरवा

फियाटमध्ये डिलाइट आणि सुरुवातीची पद्मिनी, स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढं सलग बेंच सीट, ही माझ्या मते खरी फियाट. शेवटी शेवटी फ्लोअर गिअर आणि बकेट सीटवाल्या आल्या, चालवायला सोप्या आहेत पण ती मजा नाही. डिझेल फियाटच्या वाटेला तुमची पहिली जुनी गाडी म्हणून जाऊ नका. अ‍ॅम्बीत मार्क २ ची १९६० च्या दशकातली चौकटीची जाळी दिसायला सगळ्यात देखणी, मार्क ३ १९७५ पासून, मार्क ४ १९७९ पासून, आणि रोज वापरायला १८०० इसुझू उत्तम, पाच गिअर आहेत, हायवेला दम लागत नाही. पण इसुझू घेतलीत तर तुम्ही इंग्रज इंजिन घेत नाही हे लक्षात असू द्या, तुलनाच वेगळी झाली. या लेखात पुढं अ‍ॅम्बी म्हटलं की बी सिरीजवाली धरा.

खूप जुनी मार्क १ मिळाली तर बॅटरीची कुठली वायर बॉडीला जोडलीय ते बघा, त्या काळच्या इंग्रज गाड्यांत प्लस बॉडीला असायचा. न बघता आपल्या सवयीनं बॅटरी जोडली तर वायरिंग जाऊ शकतं.

पायरी ४: पत्रा. इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा

इंजिन दुरुस्त होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या जवळच्या लेथवर बोअर मारून, लायनर घालून, हेडला फेसिंग करून कुठलंही इंजिन परत उभं करता येतं. पत्रा गेला की मात्र पैसे मोजत बसा. आणि इथं एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं अ‍ॅम्बीला ट्रकसारखी चेसिस आहे, पत्रा सडला तरी चालतं. अजिबात नाही. ऑक्सफर्डही मोनोकॉक आणि फियाटही मोनोकॉक, म्हणजे खालचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा. अ‍ॅम्बीचा पत्रा जाड आहे, त्यामुळं तिला सडायला वेळ लागतो एवढंच.

सोबत काय न्याल? एक लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून, एक टॉर्च, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि खाली झोपायला पोतं. चुंबक गाडीच्या कडेकडेनं फिरवा. पत्रा असेल तिथं तो चिकटतो, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली असेल तिथं सुटून हातात येतो. फियाटला हेडलाइटच्या मागचा भाग, पुढच्या मडगार्डची खालची कड, दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दरवाज्याखालची सिल इथं हमखास लांबी सापडते. अ‍ॅम्बीला सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या सीटखालचा पत्रा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बॉडीला जिथं टांगलेत तो पत्रा दोन्ही गाड्यांत खाली झोपून बघाच, तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा, करकर आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथूनच घरी परत या.

माझ्या पहिल्या फियाटचं सांगतो. सन ७९ ची, कोकणातून आलेली, रंग आरशासारखा. ज्या डीलरकडून घेतली त्यानं आत नवंकोरं कार्पेट घातलं होतं, मला ते बघून आनंदच झाला. पहिल्या पावसात पायाखाली पाणी यायला लागलं म्हणून कार्पेट उचललं तर खाली डांबरी शीट चिकटवलेलं, शीट उचललं तर अंगठा टेकवला तिथं पत्र्याचा भुगा झाला, पापडासारखा. खाली रस्ता दिसत होता. ब्रेक पेडलच्या बाजूचाही पत्रा गेला होता आणि त्याच गाडीत मी माझ्या मुलीला पुढं बसवून फिरवलं होतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हात जोडून सांगतो, नवं कार्पेट दिसलं की ते उचलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मालक उचलू देत नसेल तर तेच उत्तर समजा. समुद्राकाठची गाडी असेल तर हे सगळं दोनदा करा.

फियाट घेताना अजून एक. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतल्या कित्येक गाड्या रंग बदलून खासगी म्हणून विकल्या गेल्यात. शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या, पण त्याच्या आधीपासून हा प्रकार चालू आहे. डिकीचं रबर थोडं सोडवा, दरवाज्याच्या बीडिंगखाली टॉर्च मारा, छताच्या कडेला पिवळा आणि खाली काळा दिसला की समजलं. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट असं नाही, मुंबईचे टॅक्सीवाले इंजिन पोटच्या पोरासारखं सांभाळायचे, पण ती गाडी अफाट पळालेली असणार, मग किंमत त्या हिशोबानं आणि आरसीवर टॅक्सीचं खासगी रीतसर करून घेतलंय का ते बघून.

पायरी ५: थंड इंजिन

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या, तासाभरानं परत बघा, किंवा दुसऱ्या दिवशी या.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाणी गढूळ तपकिरी असेल तर आत गंज आहे, वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलंय. हे फियाटला जास्त महत्त्वाचं, कारण तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा चांगली तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट परत परत जातं. अ‍ॅम्बीचा ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं, ती तापणं बऱ्यापैकी सहन करते. म्हणून फियाटमध्ये रेडिएटर, फॅन बेल्ट, वॉटर पंप आणि होजपाइप हे इंजिनच्याही आधी बघा. अ‍ॅम्बीत दुसरी गोष्ट, तिच्या इंजिनच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाही, त्यामुळं रात्रभर उभी राहिली की गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला खाली चार थेंब पडणारच. चार थेंब चालतात, थाळीएवढा डाग पडत असेल तर खर्च आहे. फियाटखाली तेवढाच डाग असेल तर मात्र शोधा कुठून आलाय.

चोक ओढून सुरू करा. निळा धूर क्षणभर येऊन गेला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा. गरम झाल्यावर पांढरी वाफ चालूच असेल तर पाणी जळतंय. कॉम्प्रेशन गेज असलेला माणूस सोबत असेल तर चारी सिलिंडर मोजा, आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं, एखादा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

पायरी ६: दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा

हे जमवायला त्रास होतो पण जमवाच, कारण आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी चालवली तर तुलना होत नाही, नुसत्या आठवणी राहतात. आम्ही साताऱ्याहून पाचवड, वाई आणि मग पसरणी घाट चढून पाचगणी असं करतो. हायवे आहे, बाजार आहे, घाट आहे, एवढं पुरे.

फियाटमध्ये बसलात की स्टिअरिंग जवळ, काच जवळ, पुढचे दोन्ही मडगार्ड डोळ्यासमोर, गाडी अंगावर घातल्यासारखी वाटते. गिअर स्टिअरिंगवर आहे, नवख्याला पहिले दोन दिवस हात अडखळतो, मग हात आपोआप जातो. गिअरचा दांडा ढिला हलत असेल, सेकंड सापडत नसेल, तर घाबरू नका, लिंकेजचे बुश गेलेत, ते स्वस्तात होतं. चालत असताना सेकंड सटकून न्यूट्रल होत असेल तर ते गिअरबॉक्सच्या आतलं काम, पैसे कमी करून घ्या. आणि दोन्ही गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअरचे दात जुळवून घेणारा भाग, नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय फर्स्ट टाकू नका, टाकलात तर दात ओरडतील.

घाटात खरा फरक कळतो. पहिल्या वळणाला फियाट सेकंडमध्ये घ्या आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवा, इंजिनचा आवाज वर चढतो, वर गेला की गाडी खुशीत येते, वळणावर आत शिरते आणि सरळ होऊन लगेच पुढच्या वळणाला तयार. तुम्हाला वाटेल आपण इंजिन पिळतोय, पण तिला तसंच चालवायचं असतं, थर्डमध्ये कण्हत चढवणं हे त्या इंजिनला जास्त वाईट. अ‍ॅम्बी त्याच वळणाला थर्डमध्ये घेऊन बघा. आरपीएम खाली येतो, वाटतं आता बंद पडणार, आणि तिथूनच ती धक धक करत ओढायला लागते, पाच माणसं आणि डिकीत सामान असलं तरी. तिला घाई करू नका. मित्राची अ‍ॅम्बी चालवताना मी सुरुवातीला फियाटच्या सवयीनं सारखा सेकंड टाकायचो, नुसता आवाज वाढायचा, वेग तोच. त्यानं हात धरून सांगितलं, राहू दे थर्डमध्येच, ती जाईल. आणि गेली.

स्टिअरिंगचंही तसंच. अ‍ॅम्बीला रॅक अँड पिनिअन आहे, मॉरिस मायनरपासून आलेली इंग्रज पद्धत, पुढं टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा. त्यामुळं अ‍ॅम्बीचं स्टिअरिंग हातात जड पण नेमकं असायला हवं, ढिलं असेल तर जॉइंट किंवा रॅक झिजलाय. गाडी सपाट जागी उभी करून समोरून बघा, एक बाजू खाली बसलेली असेल तर टॉर्शन बारचं सेटिंग करून उंची वर आणता येते, पण आधी पिना आणि बुश बघा. फियाटला स्टिअरिंग बॉक्स आहे, त्यात इंचभर प्ले (मोकळी हालचाल) चालतो, अ‍ॅडजस्टही करता येतो, मात्र प्ले पूर्ण काढायच्या नादात बॉक्स आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि आतला दाता झिजतो. पुढच्या चाकाला वरखाली धरून हलवा, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन, गेला असेल तर हाताला खटखट लागते. या गाड्यांना ग्रीसिंग म्हणजे जेवण आहे. वेळेवर दिलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

ब्रेक दोन्हीत चारी चाकांना ड्रम. पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला हात सैल ठेवून दाबा, गाडी एका बाजूला ओढली तर व्हील सिलिंडर किंवा लायनर. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ड्रम तापले की ब्रेक लागतच नाही, हे नव्या गाडीवरून येणाऱ्यांना माहीत नसतं आणि तिथंच अपघात होतात. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, थोडं पुढं गेल्यावर परत दाबा आणि आरशात बघा, निळा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड. मागून घूं आवाज येत असेल, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलत असेल, तर डिफरन्शिअल.

अंधार पडेपर्यंत थांबा आणि दिवे लावून बघा. अ‍ॅम्बीचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा झोत वरखाली करायचं बटण, क्लचच्या बाजूला जमिनीवर असतो, डाव्या पायानं दाबायचा, पाण्यानं गंजून तो हमखास अडकतो.

पायरी ७: कागद

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर जाऊन वाचा, फोटो काढा. अ‍ॅम्बीत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या भरपूर गाड्या आहेत आणि आरसीवर अजून पेट्रोलच लिहिलेलं असतं. तशी गाडी फुकट मिळाली तरी नको. सीएनजी किंवा एलपीजी किट काढलं असेल तर तेही आरसीवरून निघालंय का बघा. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग पाच पाच वर्षांचं असतं, ते चालू आहे का, ग्रीन टॅक्स भरलाय का, थकबाकी किती, हे आधी आरटीओतून काढा, मग सौदा.

गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षांची झाली असेल आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. डिलाइट, मार्क १, मार्क २ या त्यात बसतात, आणि सुरुवातीच्या पद्मिनीही आता बसायला लागल्यात. पण नीट विचार करा, कारण विंटेज नोंदणी केली की ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांना रस्त्यावर आणता येते. ज्यांना आईवडिलांना घेऊन देवाला जायचंय त्यांनी साधं पासिंगच चालू ठेवावं.

पायरी ८: घरी आणल्यावर पहिला महिना

गाडीला द्यायचे पैसे ठरले की जवळपास तेवढेच दुरुस्तीला बाजूला ठेवा, मी तरी हाच हिशोब धरतो आणि तो आजवर फारसा चुकलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात सगळे ब्रेक होज, व्हील सिलिंडरचे रबर आणि ब्रेक ऑइल नवं. मग पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला फुगवतं, पाइप आतून सुटतो, कचरा कार्बोरेटरमध्ये जातो, आणि कुठं गळला तर आगीचा धोका. इथेनॉल सहन करणारे पाइप मिळतात, तेच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल घाला, महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनांना नको, जिथून गळत नव्हतं तिथूनही गळेल.

अ‍ॅम्बीचं अजून एक. बिडाच्या जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या आहेत, शिसं गेलं तशा त्या हळूहळू झिजतात आणि टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, कमी होत जाते. त्यासाठी मुद्दाम हेड उतरवायची गरज नाही. दर दोनतीन हजार किलोमीटरला गॅप मोजून वहीत लिहा, आणि कधी दुसऱ्या कामाला हेड उतरलं तर लेथवाल्याला सांगून कडक सीट बसवून घ्या.

आणि हेड परत बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. टॉर्क रेंचशिवाय आवळू देऊ नका, मधून बाहेर असं क्रमानं, तीन टप्प्यांत. फियाट असेल तर इंजिन एकदा गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा टॉर्क तपासायला लावा. त्यासाठी त्याला एक दिवसाची मजुरी जास्त द्यावी लागली तरी द्या.